दवाखान्यातले जंतू आणि आपले हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माणूस दवाखान्यात बरा व्हायला जातो. तिथे एक दुखणे जावे आणि दुसरे मागे लागावे, असे कुणालाच वाटत नाही. पण तसे घडते. पाय मोडला म्हणून दाखल झालेल्या आजोबांना तिथे न्यूमोनिया होतो. बाळंतीण सुखरूप मोकळी होते आणि आठव्या दिवशी तिचे टाके पिकतात. ताप होता म्हणून सलाइन लावले, ताप गेला, पण सुईच्या जागी हात सुजून लाल झाला. याला वैद्यकीय भाषेत रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर दवाखान्यात लागलेला जंतू.

हे क्वचित घडते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार श्रीमंत देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत सुमारे १५ जणांना तिथे असताना एखादा तरी नवा संसर्ग होतो. असा संसर्ग झालेल्या दर दहा जणांपैकी एक जण दगावतो. चांगले हात धुण्यासारखे साधे उपाय नेटाने केले, तर यातले पुष्कळ संसर्ग टळू शकतात, असेही त्याच अहवालात म्हटले आहे. मराठवाड्यातल्या लहानमोठ्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली. त्या अनुभवाच्या आधारे हा विषय आज तुमच्यासमोर मांडते आहे.

जंतू म्हणजे काय, ते आधी पाहू. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव आपल्या अंगावर, नाकात, आतड्यात सतत असतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, काही तर उपयोगी असतात. फोड, गळू करणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू साधारणपणे तीनांपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो आणि त्या माणसाला त्याचा काही त्रास होत नाही. मग त्रास कधी होतो? तीन गोष्टी जुळून आल्या म्हणजे. एक, जंतूंचा साठा कुठेतरी हवा. दोन, तिथून निघून दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचायला वाट हवी. तीन, त्या माणसाच्या शरीरात शिरायला जागा हवी. बियाणे आहे, पण पेरणी झाली नाही किंवा जमिनीत ओल नाही, तर उगवत नाही, तसेच हे.

दवाखान्यात या तिन्ही गोष्टी एका छताखाली येतात. साठा म्हणजे तिथे आलेले रुग्ण. जिंतूर, गंगाखेड, सेलू, पाथरी, पूर्णा अशा ठिकाणांहून माणसे परभणीला येतात. इथून काहींना नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला पाठवले जाते. रुग्णाबरोबर त्याचे जंतूही एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात, एका गावातून दुसऱ्या गावात प्रवास करतात. शिरायला जागाही तिथे भरपूर असते. ऑपरेशनची जखम असते, सलाइनची सुई शिरेत असते, लघवीची नळी असते, श्वासाची नळी असते. त्वचा ही शरीराची तटबंदी. उपचारासाठी आपणच तिला ठिकठिकाणी भोके पाडलेली असतात. त्यात रुग्णाची ताकद कमी झालेली. कमी दिवसांचे बाळ, म्हातारा माणूस, मधुमेही किंवा भाजलेला रुग्ण यांना तर थोडेसे जंतूही पुरतात.

आता राहिली वाट. या वाटेवरच आपले सगळ्यात जास्त नियंत्रण असते. म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

सर्वांत मोठी वाट म्हणजे हात. डॉक्टरांचे, सिस्टरचे, मावशींचे आणि रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकांचे हात. एका रुग्णाची पट्टी सोडली, तोच हात पुढच्या खाटेवरच्या रुग्णाच्या सलाइनला लागला, की जंतू पोहोचले. हे जगाला पहिल्यांदा पुराव्यानिशी दाखवून दिले ते इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी, १८४७ मध्ये, व्हिएन्ना शहरात. तिथल्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपण करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. तिथले डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येत, हे सेमेलवाइस यांच्या लक्षात आले. त्यांनी क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. पण ‘आमचे हात अस्वच्छ’ हे ऐकून घ्यायला त्या काळचे मोठे मोठे डॉक्टर तयार नव्हते. सेमेलवाइस यांना हयातीत मान मिळाला नाही. हात धुण्याच्या बाबतीत मानापमान मध्ये येतो, तो असा फार जुना आहे.

दुसरी वाट म्हणजे उपकरणे. याची एक हकिकत आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. प्लेगची साथ १८९६ मध्ये मुंबईत आली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी तिथे प्लेगची लस तयार केली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. बाकी बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झाले नाही. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. नंतर तपशील पुढे आला तो असा, की ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू इतके चिवट असतात, की औषधात नुसते बुडवून ते मरत नाहीत. हाफकिन यांच्यावरचा ठपका १९०७ मध्ये दूर झाला आणि परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. जमिनीवर पडलेला एक चिमटा आणि १९ माणसे. वस्तू दिसायला स्वच्छ असणे वेगळे आणि निर्जंतुक असणे वेगळे, हे या घटनेवरून ध्यानात ठेवावे.

निर्जंतुक करणे म्हणजे काय? ऑपरेशनची हत्यारे आणि कपडे ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात ठेवतात. ते आपल्या प्रेशर कुकरचेच मोठे भावंड. त्यात दाबाखालची वाफ १२१ अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्या तापमानाला ठरावीक वेळ सामान ठेवावे लागते. वेळ कमी पडली, डबा ठासून भरला किंवा वाफ आत शिरायची भोके उघडी ठेवली नाहीत, तर बाहेरून गरम झालेले सामान आतून तसेच राहते.

एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचे नाव महत्त्वाचे नाही. मी तिथे नव्याने रुजू झाले, तेव्हा एकाच आठवड्यात सिझेरियन झालेल्या चार जणींचे टाके पिकले होते. त्यातली एक मानवतकडची, कापूस वेचणीला जाणारी होती. तिची सासू सगळ्यांसमोर तिला बोलत होती, ‘भात खाल्लास, आंबट खाल्लंस, म्हणून पिकलं.’ ती पोरगी मान खाली घालून ऐकत होती. बाकी तिघींच्या घरीही हेच चालले होते. कुणी वांग्याला दोष देत होते, कुणी पाण्यात हात घातला म्हणत होते. त्या दिवसांत भारनियमन चालू होते. आम्ही तारखा जुळवून पाहिल्या, तेव्हा ज्या दिवशी या चौघींची ऑपरेशने झाली, त्या दिवशीचा डबा ऑटोक्लेव्हमध्ये असताना मधेच वीज गेलेली निघाली. वीज आल्यावर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवी होती, ती मोजली गेली नव्हती. डब्यावर रंग बदलणारी पट्टी चिकटवण्याची पद्धतही तिथे नव्हती. नंतर ती सुरू झाली, जनरेटरही आला आणि टाके पिकणे थांबले.

पण त्या मुलीचे काय? ती पंधरा दिवस जास्त राहिली. तिची मजुरी बुडाली, नवऱ्याची बुडाली, औषधांना उसनवारी झाली, अंगावरचे बाळ दुधाला तरसले. आणि या सगळ्याचा दोष तिच्याच माथी बसला. मी तिच्या सासूला बसवून सांगितले, ‘मावशी, भाताने टाके पिकत नाहीत. जंतूंनी पिकतात. यात तुमच्या सुनेचा काही दोष नाही.’ श्रोतेहो, हे मी आज मुद्दाम सर्वांना सांगते. टाके पिकले म्हणून बाळंतिणीचे खाणे तोडू नका. जखम भरून यायला तिला डाळ, दूध, अंडी, भाजी जास्तच लागते. आणि टाक्यांतून पाणी किंवा पू आला, ताप आला, तर घरी हळद लावत न बसता त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

तिसरी वाट म्हणजे इंजेक्शन. ‘सुई दिल्याशिवाय गुण येत नाही’ ही आपल्याकडची समजूत फार खोल रुजलेली आहे. साध्या सर्दीतापाला गोळी पुरते, पण आपण म्हणतो, ‘डॉक्टर, एक सुई द्याच.’ जी सुई टोचलीच नाही, तिच्यातून जंतू जात नाहीत, हे लक्षात घ्या. गुजरातमध्ये मोडासा इथे २००९ मध्ये हिपॅटायटिस बी या काविळीची मोठी साथ आली. त्यात ऐंशीपेक्षा जास्त माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंज आणि सुया पुन्हा वापरल्याने ती पसरल्याचे तपासात पुढे आले. काही जणांना वाटते, सुई बदलली की झाले, सिरिंज तीच चालते. हे चूक आहे. टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश सिरिंजमध्ये मागे येऊ शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुई आणि सिरिंज दोन्ही नवीन हवीत आणि पाकीट तुमच्यासमोर फोडलेले हवे.

वापरलेली सुई फेकण्याचाही नियम आहे. ती कटरने तोडून, भोक पडणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकायची. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आपल्याकडे १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये नव्याने झाले. पिवळा, लाल, पांढरा, निळा असे रंग त्यात ठरवून दिले आहेत. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर शंभरात तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. सुई उकिरड्यावर पडली, तर ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या किंवा खेळणाऱ्या पोराच्या हातात जाते. घरी मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, तर सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा आणि भरली की जवळच्या दवाखान्यात विचारून तिथे द्या.

चौथी वाट हवेची. क्षयाचा रुग्ण खोकला, की त्याचे जंतू हवेत बराच वेळ तरंगत राहतात. बंद, कोंदट खोलीत ते साठतात, खेळत्या हवेत विरळ होतात. म्हणून वॉर्डाची समोरासमोरची खिडकी उघडी असणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे. आपल्याकडे मे महिन्यात उन्हाच्या झळा लागतात म्हणून खिडक्या लावून घेतात. तेव्हा निदान सकाळ-संध्याकाळ तरी त्या उघडा. खोकणाऱ्याने तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधावा. आणि कूलरच्या टाकीत आठवडा-आठवडा तेच पाणी ठेवू नये, त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

पाचवी वाट ओलाव्याची. सिंक, ओले पोछे, ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी अशा ठिकाणी सुडोमोनास, क्लेबसिएला यांसारखे जंतू मजेत वाढतात. ऑक्सिजन ज्या बुडबुड्यांच्या बाटलीतून येतो, तिच्यात टँकरचे किंवा नळाचे पाणी घालू नये. तिथे निर्जंतुक पाणीच लागते आणि तेही रोज बदलावे लागते. लघवीच्या नळीची पिशवी जमिनीवर टेकू देऊ नये आणि रुग्णाला हलवताना ती त्याच्या कमरेपेक्षा वर उचलू नये. वर उचलली, की पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि तिच्याबरोबर जंतूही. ही गोष्ट नातेवाइकांनी ध्यानात ठेवली, तरी पुष्कळ काम होईल.

या जंतूंना मारायला अँटिबायोटिक आहेतच की, असे कुणी म्हणेल. इथे मी कापूस उत्पादकांना एक आठवण करून देते. बीटी कापूस २००२ मध्ये आला, तेव्हा बोंडअळीची काळजी मिटली असे वाटले. २०१७ मध्ये त्याच बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी तुटून पडली आणि हाती आलेले पीक गेले. ज्या अळ्या बीटीला पुरून उरल्या, त्यांचीच पैदास वाढत गेली होती. अँटिबायोटिकचे अगदी तसेच आहे. गरज नसताना घेतले, दोन दिवस घेऊन सोडले, मेडिकलमधून स्वतःच मागून आणले, की कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे राहतात. दवाखान्यात अँटिबायोटिकचा वापर सगळ्यात जास्त, म्हणून असे चिवट जंतूही तिथेच सगळ्यात जास्त. अतिदक्षता विभागात कधी कधी असा जंतू भेटतो, की त्यावर एखाद-दुसरेच औषध चालते. तेव्हा औषधापेक्षा प्रतिबंध स्वस्तही आहे आणि भरवशाचाही.

आता आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट, भेटायला जाणे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेले नाही तर वर्षानुवर्षे बोल लागतो. जीप भरून माणसे येतात. लहान मुलेही येतात. खाटेवर रुग्णाच्या पायाशी बसतात, वॉर्डातच भाकरी सोडतात. यामागे माया असते, हे मी जाणते. पण दहा माणसे म्हणजे वीस हात. एका घरातून एकाच माणसाने जावे, खाटेवर बसू नये, जाताना आणि येताना हात धुवावेत. खोकला, ताप, जुलाब असलेल्याने जाऊच नये. नवजात बाळाला तर आई आणि एखादे घरचे माणूस सोडून कुणी हाताळू नये. बाळाच्या नाळेला शेण, राख, तेल काहीही लावू नका. ती कोरडी ठेवा. बाळबाळंतिणींच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे भारताने २०१५ मध्ये प्रमाणित करून घेतले. ते लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणे आणि अशा स्वच्छतेमुळे. ते टिकवायचे आहे. आणि रुग्णाला भेट म्हणून पाच जणांनी जाण्यापेक्षा त्याच्याजवळ राबणाऱ्या माणसाला घरचा डबा पोहोचवा, त्याच्या जनावरांना चारापाणी करा. त्याचा रुग्णाला जास्त उपयोग आहे.

दुसरी गोष्ट, हात धुणे. साबणाने धुवायचे तर बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखे असे सगळे मिळून मिनिटभर तरी लागते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते हे खरे. अशा वेळी अल्कोहोलचे द्रावण कामाला येते. हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील, तर ते अर्धा मिनिट चोळले तरी चालते, पाणी लागत नाही. हात मळलेले असतील किंवा जुलाबाचा रुग्ण असेल, तर मात्र साबण-पाणीच हवे. कर्मचाऱ्यांसाठी पाच वेळा ठरलेल्या आहेत. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, सुई-पट्टीसारखे निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवीचा संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यानंतर आणि त्याच्या खाटेला, सामानाला हात लावल्यानंतर. हातमोजे घातले म्हणून यातले काही सुटत नाही. तेच मोजे घालून चार रुग्ण पाहिले, तर मोजे फक्त घालणाऱ्याचे रक्षण करतात, रुग्णांचे नाही.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे विचारणे. डॉक्टरांना कसे विचारावे, सिस्टर रागावतील, आपल्या माणसाकडे दुर्लक्ष करतील, ही भीती मी कितीतरी चेहऱ्यांवर पाहिली आहे. ती खोटीही नाही. गरीब माणूस तर विचारतच नाही. म्हणून माझे सांगणे असे, की भांडणाच्या सुरात विचारू नका, मदतीच्या सुरात विचारा. ‘सिस्टर, नवं पाकीट आणून देऊ का?’ ‘डॉक्टरसाहेब, हात धुवायला पाणी देऊ का?’ ‘ही सलाइनची सुई तीन दिवसांची झाली, जागा लाल दिसते, बघता का?’ ‘लघवीची नळी अजून लागणार आहे का?’ या चार प्रश्नांत बरेच काही येते. नळी आणि सुई जितकी लवकर निघेल, तितकी जंतूंची वाट लवकर बंद होते.

आणि माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना एक विनंती. एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असतात, साबण संपलेला असतो, नळाला पाणी नसते, हे मी स्वतः पाहिलेले आहे. ते मिळवून देणे प्रशासनाचे काम आहे आणि त्यासाठी लेखी मागणी करत राहिले पाहिजे. पण खेड्यातून आलेल्या एखाद्या बाईने धीर करून ‘हात धुतले का?’ असे विचारले, तर तिच्यावर डाफरू नका. तिने तुमच्या अब्रूला हात घातलेला नसतो. तिच्या माणसाचा जीव तुमच्या हातांत असतो आणि तिला तेवढीच काळजी असते. तिच्यासमोर हात धुवा आणि पुढच्या खाटेकडे जा. त्या वॉर्डातले बाकीचे रुग्णही ते पाहत असतात. उद्या तेही विचारतील आणि विचारण्याची ही सवय जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात लागली, तर कितीतरी माणसे ठरलेल्या दिवशी धडधाकट घरी जातील.